कपाटातली टाळी

आम्ही जुनी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, फुकट. फुकटाला काहीही चालतं म्हणणाऱ्यांनी आधी कान धरावेत. वाचताना चुकलं की टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा वाचायचं. चूक नंतर कापतात.

आई गेली, ती रेकॉर्ड करत होती ते पुस्तक अर्धं राहिलं. उरलेलं मी वाचायला घेतलं. आवाज घुमू नये म्हणून तिच्याच कपाटात, तिच्या कपड्यांत बसून.

"ताई, टाळ्यांचा पाऊस पाडलायस!" चुका कापणारा भाऊ म्हणाला.

"मी एकही वाजवली नाही."

"मग काय भुतानं वाजवल्या? प्रत्येक टाळीआधी चुकलीयेस तू."

शेवटचं पान उरलं. ते संपलं की आईही संपणार. मी मुद्दाम चुकीचं वाचलं आणि थांबले.

कपड्यांमागून, अगदी माझ्या कानाशी, टाळी वाजली.

मग वाक्य पुन्हा वाचण्यासाठी तिथे कुणीतरी श्वास घेतला.