आपल्या घरचं लेकरू

सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आल्यावर सपनाला आधी बसायला जागा हवी होती. ती मिळाली नाही. बाकांवर कुठल्या कुठल्या गावांहून आलेली माणसं डबे उघडून बसली होती. लिंगतपासणी हा गुन्हा असल्याची पाटी होती, तिच्याखाली ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा नवरा गजेंद्र शेजारी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत आणि काढत होता.

आत मॅडमनी सगळं नीट सांगितलं होतं, कागदावर चित्र काढून. बाळाच्या पाठीचा मणका खालच्या बाजूला मिटलेला नाही. जन्मल्याबरोबर ऑपरेशन लागेल. पायांत बळ येईलच असं नाही, लघवीवर ताबा राहीलच असंही नाही. "ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या होत्या. "पण लवकर. कायद्याची मुदत संपत आलीय." गजेंद्र मान हलवत होता, कचेरीत साहेबांपुढे हलवतो तशी.

"नागपूरले एकदा दाखवू," सपना म्हणाली.

"कायले? तोही हेच सांगन. चाल, मयुरी शाळेतून आली असन."

बोरगावला घरी पोचेपर्यंत तिला एकच धास्ती होती, सासूची. अनुसयाबाईंच्या तोंडाला गल्ली वचकून असे. दूधवाला त्यांच्यासमोर माप काठोकाठ भरायचा. त्या ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"आई, बाळाच्या पाठीत दोष आहे मनते डॉक्टर. मणका उघडा आहे."

अनुसयाबाईंचा हात थांबला. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो चपला काढत होता, त्या काढायला त्याला फारच वेळ लागला.

"मंग? पाडा मनते का?"

"आपल्यावर सोडलं. पण लवकर सांगा मनते."

"समजलं मले," अनुसयाबाई म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. "बस, पाणी पे. याच्यावर आता बोलणं नाई पाह्यजे घरात."

आणि खरंच कुणी बोललं नाही. सपना स्वयंपाक करी, लेकीची, मयुरीची वेणी घाली, नळाला पाणी आलं की भरून ठेवी आणि प्रत्येक कामाच्या शेवटी भिंतीला पाठ टेकून उभी राही. असं मूल म्हणजे जन्मभराची उचल-ठेव, धुणंपुसणं, दवाखाने. घर सोबत असेल तर ती करील. एकटीला झेपणारं नव्हतं. हे स्वतःशी कबूल करताना तिला लाजही वाटली नाही, इतकी ती थकली होती. रोज ती नवऱ्याला विचारायचं ठरवी आणि रोज तो जेवून लगेच घोरायला लागे. मनातल्या मनात तिनं मायलेकांना काय काय नावं ठेवली त्याला सुमार नाही.

शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी तिनं दोघांना समोर बसवलं.

"उद्याच्यानंतर काई करता येनार नाई. मले एकटीले नाई होनार हे. तुमी सोबत असान तर ठेवतो, नाई तर नाई. काय ते साफ सांगा."

अनुसयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता.

"पाडाचं नाव काढू नको, बाई. माह्या नणंदेनं पाडलं होतं, लोकायचं आयकून. अजून तिच्या डोळ्याचं पाणी खळत नाई. आपल्या घरात असा भेद चालत नाई. जसं आहे तसं आपल्या घरचं लेकरू आहे. बोलनाऱ्याले बोलू दे, मी आहो ना."

"माहं तर पयलेपासून हेच मत आहे," गजेंद्र म्हणाला. "तुले सांगाचं कसं, ते समजत नोतं."

सपना ढसाढसा रडली. केवढ्या मनाची माणसं, आणि आपण काय समजत होतो! दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना कळवलं, बाळ ठेवायचं. मुदत उलटून गेली आणि कित्येक दिवसांनी ती भरदुपारी गाढ झोपली. उठली तेव्हा सासूनं भांडी घासून ठेवली होती.

सातव्या महिन्यात ओटी भरली. बुद्धवंदना झाली, आंजीहून नातेवाईक आले. कुणीतरी विचारलंच, यंदा काय होईल म्हणून. "जे होईन ते आमाले लाडकं," असं अनुसयाबाईंनी इतक्या ठसक्यात सांगितलं की विचारणारीनं निमूट लाडू उचलला. सपनाचा ऊर भरून आला.

पाहुणे पांगल्यावर दोघी मोरीशी ताटं विसळत होत्या.

"आई, पुढच्या हप्त्यात नागपूरले जाऊन येऊ. ऑपरेशनवाल्या डॉक्टरले आताच भेटून ठेवा लागन. बाळंतपनही तिथंच करू."

"इतक्या दूर कायले? मयुरीच्या वेळेस इथंच झालं ना सारं बराबर?"

"पन पाठीचं ऑपरेशन जन्मल्याबरोबर करा लागते, आई. एक दिवसही थांबता येत नाई."

अनुसयाबाई हसल्या. ओल्या हातानं त्यांनी सुनेचा गाल कुरवाळला.

"कायचं ऑपरेशन, वेडे! पोरगी आहे असं सांगतलं तर डाक्टरले जेल होते आता. मनून ते अशी काईतरी खोड सांगते, ज्याले पाडाचं तो पाडते. रूपरावच्या सुनेले डोक्यात पानी सांगतलं होतं, झाली ना ठणठणीत पोरगी? गजूले अन् मले त्याच दिवशी समजलं. पोरगी आहे मनून आमी नाई मनू, असं वाटलं का तुले?"