मालवणी कोशाची फाईल

"बाई, सगळ्या फाइल्स आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवल्यात," संगणक दुरुस्त करायला आलेली कुमुदबाईंची जुनी विद्यार्थिनी तस्लीम म्हणाली. तरी बाईंचा हात संगणकावरून निघेना. निवृत्तीनंतर गावोगाव फिरून जमवलेला मालवणी शब्दकोश त्यातच होता.

नवी सिस्टीम बसली. तस्लीमने कोश उघडला, तर मराठी अक्षर एक नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. बाईंनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. "गेलं सगळं?"

"काही गेलं नाही. तुमचा जुना फॉन्ट यात नाही, एवढंच." तिने तो टाकला आणि पानभर मराठी उमटलं.

बाई बराच वेळ वाचत राहिल्या. मग चष्मा सारखा करून म्हणाल्या, "'खळा' म्हणजे नुसतं अंगण नव्हे. अर्धाच अर्थ लिहिलाय मी. सरक जरा."