पहिले दहा तास

"वल्हं अजून सापडलं नाय," नाथा फोनवर म्हणाला.

प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेल्या किर्तीने डोळे मिटले. "बाबा, गिरणीच्या मागे बघितलंस?"

"कुठली गिरणी?"

"जिच्यासमोर ती म्हातारी बसते."

"ती होय? काल सहा मोळ्या लाकडं दिली तिला. आज मासे मागते. स्वतःच्या पोराला पाठव म्हटलं, तर ऐकत नाय."

किर्ती हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

आई गेली, पाठोपाठ नाथा आनंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाला, आणि मग सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये तो नुसता बसून राहू लागला. म्हणून दिवाळीला पुण्याहून घरी येताना किर्तीने उल्हासनगरात उतरून एक जुना गेम कन्सोल घेतला. सोबत तिचा कॉलेजातला आवडता खेळ. एक धनगर, एक शापित राज्य, डोंगरापलीकडे साखळदंडात अडकलेला ड्रॅगन.

"चाचा के लिए?" दुकानदाराने विचारलं होतं. "पहले दस घंटे बहुत स्लो है. बोल देना, छोड़ना नहीं."

ते खरंच होतं. पहिले दहा तास त्या खेळात काही म्हणजे काही घडत नाही. लाकडं गोळा करा, निरोप पोचवा, मासे पकडा. मग वल्हं मिळतं, होडी निघते, खिंडीचं दार उघडतं, आणि तिथून पुढे माणूस जेवायचं विसरतो.

नाथा चार महिने खेळातल्या त्या पहिल्या गावातच होता. कारखान्यात पाने-पकडी फिरवून जाड झालेल्या बोटांनी भलतंच बटण दाबलं जायचं. कधी बकऱ्या हरवायच्या, कधी धनगर नदीत पडायचा. तीनदा तर चुकून सगळं पुसलं गेलं म्हणून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन यायचा आणि किर्ती त्याला वाट सांगायची.

स्वतःचं काय चाललंय ते मात्र ती सांगत नसे. पीएचडीसाठी तिला एका प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे होते. आठ महिने झाले, सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचा तो नुसता गढूळ थेंब. दिवाळीतच तिने पुस्तकांच्या दोन पेट्या घरी आणून टाकल्या होत्या. होस्टेलच्या खोलीत ओल येते, असं बाबाला सांगितलं. नाथाने पेट्या माळ्यावर चढवल्या. काही विचारलं नाही.

"सोडतो बाय मी हे," नाथा आता म्हणाला. "माझ्याच्यान व्हायचं नाय. चार महिने लाकडंच वाहतोय."

"असं नाही करायचं, बाबा. तुला वाटतं काही होत नाहीये, पण आत मोजणी चालू असते. एकेक मोळी मोजली जाते. दार दिसत नाही म्हणजे दार नाहीच, असं नसतं."

"परत सांग."

"काय?"

"ते मोजणीचं. लिहून घेतो."

लिहून घ्यायची त्याला सवयच होती. तीस वर्षं मेंटेनन्स फिटर. तारीख, यंत्र, आवाज, उपाय, अशा चार रकान्यांची त्याची वही अख्ख्या कारखान्याला ठाऊक होती. बंद पडायच्या आधी यंत्राचा आवाज बदलतो, तेव्हाच ऐकायचं, असं तो नव्या पोरांना सांगायचा.

फोन ठेवून किर्ती वर गेली आणि तिने थेंबांची एक नवी प्लेट लावली. बापाला सोडू नको म्हणायचं आणि दोन मिनिटांत आपण सोडायचं, हे काही बरं दिसलं नसतं. चार महिने असंच चाललं होतं.

मार्चमध्ये तीही प्लेट गढूळ झाली.

शनिवारी सकाळी तिने फोन केला. "बाबा, घरी येतेय."

"आज? मध्येच?"

"सहज."

"ये. मासे आणून ठेवतो."

बॅगेत पीएचडी सोडत असल्याचं पत्र होतं. आधी बाबाला सांगायचं, मग सोमवारी ते सरांच्या हातात द्यायचं.

घराला कुलूप होतं. शेजारच्या पुतळाबाईंनी किल्ली दिली. "बाप अंबरनाथला गेलाय बाजारात. इथले बोंबील त्याच्या लेकीला चालत नाय म्हणे. आणि काय गो, खेळतो काय तो? दुपारभर भिंतीतून तलवारींचा खणखणाट."

"तलवारी? तो तर लाकडं वाहतो, काकी."

"मग लाकडंच वाजत असतील," पुतळाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

किर्ती पाणी प्यायली, मग तिने टीव्ही लावला, कन्सोल चालू केला. बाबा यायच्या आत ते वल्हं शोधून ठेवावं. निदान दोघांतल्या एकाने तरी खिंड ओलांडावी.

पडद्यावर साठवलेले चार खेळ दिसले. वरच्या तिन्हींवर सोन्याचा मुकुट होता. ड्रॅगन सुटला, राज्य शापमुक्त झालं, खेळ संपला, की मगच तो मुकुट मिळतो. पहिल्या मुकुटाखाली तारीख होती ३ डिसेंबर.

चौथा खेळ गावातच थांबलेला. अकरा मोळ्या. वल्हं नाही.

रिमोटच्या खाली कारखान्यातली असायची तशीच एक वही होती. नकाशे काढले असतील म्हणून तिने उघडली. पट्टीने आखलेले तेच चार रकाने. त्यातला यंत्राचा रकाना त्याने खोडून टाकला होता.

'दिवाळी. पुस्तकं परत आणली. आवाज बसलेला. उपाय: तिचा खेळ शिकून घेणे.'

'९ जानेवारी. बोलताना दोनदा थांबली. उपाय: बकऱ्या हरवल्या.'

'२ फेब्रुवारी. आपणहून हसली. आज काही नको.'

शेवटची ओळ आजच्या तारखेची होती.

'अचानक येते म्हणाली. आवाज फार खाली. उपाय: जेवताना सोडतो म्हणायचं. ती सोडू नको म्हणेपर्यंत म्हणत राहायचं.'