पाचवा पास

गॅलरीत एक आजी भोपळ्याच्या बिया सोलतेय. माझा घसा बसलाय. घड्याळात नऊ सेकंद. आमच्या चाचाक गावच्या मुली एका गुणानं मागे. हरलो तर खालच्या गटात जाऊ. पाचव्या पासनंतरच बास्केटवर नेम धरायचा, हा माझा, म्हणजे प्रशिक्षकाचा, नियम. पोरी तसंच खेळतात: एक पास, दोन, तीन. चौथा दुन्याच्या हातात येतो. समोरच्या सगळ्या फसल्यात; ती बास्केटखाली एकटीच आहे. “टाक!” मी ओरडतो. नुसती हवा निघते. “टाक गं!” माझे सहायक मिलोयेकाका किंचाळतात, “आमंत्रण द्यायचं का?” दुन्या माझ्याकडे बघते, मग शहाण्यासारखी कोपऱ्यात पाचवा पास देते. तिथली मुलगी नेम धरते तोच भोंगा वाजतो. पहिल्या सरावाला अकरा वर्षांच्या दुन्यानं न विचारता नेम धरला होता. बॉल आत गेला, आणि मी तिला वीस फेऱ्या मारायला लावल्या.