निळी झाक

गॅरेजमध्ये संघर्षने पुढच्या चाकाच्या ब्रेकची जुनी डिस्क काढून बाकावर ठेवली आणि तिच्या शेजारी नव्या डिस्कचे दोन खोके उघडले. एक लोकल, एक कंपनीची. दोन्हींसोबत ब्रेक पॅडचा जोड.

"दिसायला दोन्ही सारख्याच," तो म्हणाला. "पण लोकल लवकर तापते. घाटातून जाणार ना, लवूकाका? मग कंपनीचीच घ्या."

"जी तापत नाही ती घाल," लवूअण्णा म्हणाले. "या खेपेला मी चालवणार. सुशांतला मी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही."

"तापत नाही अशी डिस्क अजून निघायची आहे, काका."

लवूअण्णा हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात अक्षदाचं वर्षश्राद्ध होतं. गेल्या शिमग्याला गावी जाताना, घाट उतरताना गाडी आदळली तेव्हा त्यांची ही सून सुशांतच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसली होती. नऊ वर्षांची नात ओवी मागे होती, म्हणून ती तेवढी हनुवटीवरच्या टाक्यांवर निभावली. गाडीचं पत्र्याचं काम कधीच झालं होतं. वर्षभर ती लालबागला चाळीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती आणि सुशांत तिच्याकडे पाठ करून कामाला जात होता.

"ब्रेक लागलाच नाही, अण्णा," एवढंच तो तेव्हा म्हणाला होता. तपासणीत ब्रेकमध्ये काही दोष निघाला नाही. मग दहाव्याला जमलेल्या सगळ्या चाळीसमोर अण्णांनी त्याला विचारलं होतं, "बायको घालवलीस ती घालवलीस, वर खोटं बोलतोस?" तेव्हापासून बापलेकांत जेवायला बसण्यापुरतं बोलणं होतं.

ओवी स्टुलावर बसून पॉलिशपेपरने जुनी डिस्क घासत होती. गंज निघाला तसा तिचा हात थांबला.

"संघर्षकाका, हे निळं कशानं झालं? शाई सांडली?"

संघर्षने डिस्क उजेडात धरली. गंजाखालून लोखंडावर निळे डाग वर आले होते, त्यांच्यात केसासारख्या बारीक भेगा. त्याने जुना पॅड उचलून अंगठ्याने चाचपला. पॅड काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

"शाई नाही गं. तळहात एकमेकांवर चोळ बघू. जोरात. काय झालं?"

"गरम झाले."

"गाडी थांबवायला हे दोन पॅड या चकतीला दोन बाजूंनी असेच घट्ट धरतात. थोडा वेळ धरलं तर काही नाही. पण सगळा घाट उतरेपर्यंत धरून ठेवलं तर चकती तव्यासारखी तापते. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकलास तर टेकतो का?"

"नाही. नाचत सुटतो."

"तसाच पॅडही मग टेकत नाही. पाय ब्रेकवर असतो आणि गाडी पळत असते. आणि गंमत बघ, गार झालं की ब्रेक पुन्हा लागतो. नंतर कितीही तपासा, दोष सापडायचा नाही."

बोलता बोलता संघर्षच्या लक्षात आलं, आपण कोणाच्या गाडीबद्दल बोलतोय. त्याचा आवाज खाली आला.

"गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे ओढून धरतं, काका. मग ब्रेकवर एवढा भार येत नाही. ही गाडी कोणीतरी गिअर काढून, न्यूट्रलमध्ये उतरवलीय. नुसत्या ब्रेकवर."

लवूअण्णांनी बाकाची कड धरली. चाळीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. अर्ध्या चाळीला गाडी त्यांनीच शिकवलेली. शेजारच्या सीटवर बसून ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, उतार लागला की गिअर काढ, गाडी आपसूक जाते, तेवढंच तेल वाचतं. सुशांत अठरा वर्षांचा असताना याच घाटाच्या उतारावर त्याचा हात धरून त्यांनी गिअर काढायला लावला होता. पोरगा घाबरला होता. "नको अण्णा, गाडी सुटतेय," म्हणाला होता. त्यांनी त्याच्या डोक्यात टपली मारली होती.

ते ओवीकडे वळले. ओवीने दोन्ही हात तोंडावर गच्च धरले होते.

"काय गो?"

तिने मान हलवली.

"ओवी, बोल."

"नाही सांगायचं."

"कोण म्हणालं?"

"बाबा." हातांआडून तिचा आवाज आला. "ते म्हणाले, गिअरचं आजोबांना कधीच सांगायचं नाही. आजोबांना सोसणार नाही."

बाहेर परळच्या पुलावरून गाड्या जात होत्या. संघर्ष उगाच खोक्यांची झाकणं लावत राहिला. मग त्याने विचारलं, "मग, कुठल्या बसवू काका?"

"सुशांतला विचार," लवूअण्णा म्हणाले. त्यांनी गाडीची किल्ली खिशातून काढून खोक्यावर ठेवली. "चालवायची की नाही, ते तो ठरवील."

संघर्षने जुनी डिस्क भंगारात टाकायला उचलली.

"ती दे इकडे."

"घरी कशाला नेताय? जड आहे."

अण्णांनी हात पुढे केला. ओवीने त्यांचा सदरा ओढला.

"आजोबा, मी सांगितलं असं बाबांना सांगू नका हं."

डिस्क वर्षापूर्वीच गार झाली होती. तरी ती हातात घेण्याआधी लवूअण्णांनी खिशातला रुमाल काढला आणि तळहाताला गुंडाळला.