चिंधीचा रंग

बंडीच्या खिशातून चिंधी निघाली आणि गंगम्माचा हात बादलीतच थांबला. बादलीत पाणी तरी किती, अर्धी बादली. या दुष्काळात नवऱ्याच्या बंडीच्या वाट्याला तेवढंच यायचं. चिंधी दोन बोटं रुंद होती, कागदात गुंडाळलेली, वरून सुताचा दोरा. महांतप्पानं एवढं जपून आजवर काही ठेवलं नव्हतं, अगदी लग्नात सासऱ्यानं दिलेली अंगठीसुद्धा.

आणि रंग तरी कसला म्हणावा! पिकल्या डाळिंबाच्या दाण्याचा. लाल म्हणावं तर आतून जांभळी झाक, जांभळा म्हणावं तर वर उजेड. असलं लुगडं नेसणारी बाई कोण, हे गंगम्मानं तिथंच ठरवून टाकलं. ठरवायला वेळ लागला नाही, कारण नाव दोन महिन्यांपासून तिच्या पोटात जळत होतं. शिवकांता.

महांतप्पा मुरुमच्या विणकर सोसायटीत सूत रंगवायचा. हाताला कायम रंग, तोंडाला कायम कुलूप. शिवकांता तिथं चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला यायची. एकदा गंगम्मा भाकरी घेऊन गेली तर दोघांची डोकी सुताच्या लड्यांवर वाकलेली. "ह्या हिरव्याशेजारी लाल लई भडकतोय का गं?" महांतप्पा विचारत होता. "मग हिरवा शेवाळी करा, लाल आपसूक निवंल," शिवकांता म्हणाली, आणि तो मान डोलवत हसला. गंगम्मा भाकरी ठेवून परत फिरली. लग्नाला सात वर्षं झाली, कालवणात मीठ बरोबर आहे का, एवढंसुद्धा तिला या माणसानं कधी सांगितलं नव्हतं.

दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं. लग्नातलं, त्यानंच आणलेलं. पहिल्याच महिन्यात ते बाभळीला अडकून फाटलं, तेव्हा सासूनं फाटका भाग काढून दोन तुकडे जोडले, चांगली चार बोटं आत दुमडून दंड घातला. दोन वर्षं गंगम्मा तेच नेसून दुष्काळी कामावर खडी फोडत होती. उन्हानं आणि धुरळ्यानं त्याची अशी दशा केली होती, की ती रस्त्यावर बसली तर बाई कुठली आणि रस्ता कुठला ते सांगता येऊ नये. रोज अंगावर असलेल्या कापडाकडं बघतं कोण? आपल्याला मातीचा रंग आणि तिला डाळिंबाचा, असं म्हणत तिनं चिंधी मुठीत आवळली आणि तरातरा सोसायटी गाठली.

महांतप्पा सूत आणायला बाहेरगावी गेला होता. बरंच झालं. गंगम्मानं चिंधी शिवकांताच्या चरख्यावर आपटली.

"घे तुझी खूण. माझ्या घरात नको."

शिवकांतानं चिंधी उचलली, उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, माझी असती तर सुटले असते मी. हिच्यापायी दोन म्हैने डोस्कं उठवलंय त्यांनी. कधी निळा थेंबभर वाढवत्यात, कधी पिवळा कमी करत्यात. सूत वाळलं की म्हणत्यात, न्हाय, असा नव्हता." तिनं अंगणाकडं बोट केलं. बांबूवर सात लड्या टांगल्या होत्या. सगळ्या लाल, आणि एकीसारखी दुसरी नाही. "एका लुगड्याचं सूत घेऊन ठेवलंय सोसायटीकडनं. कुणाचं म्हणून इचारलं तर सांगत न्हाईत. हाय एक, म्हणत्यात, लई शोभायचं तिला."

लई शोभायचं. गंगम्मा ते दोन शब्द घेऊन घरी आली. येताना शिवकांतासारखी परकी बाईसुद्धा तिला बरी वाटायला लागली. तिच्यावर निदान दात खाता येत होते. ही दुसरी कोण, कुठल्या गावची, कधीची, काही पत्ता नाही, आणि रंगाच्या सात सात कढया तिच्यापायी उकळल्या. असल्या घरात आता राहायचं नाही. दुपारच्या गाडीनं आळंदला, आईकडं.

तिनं गाठोडं बांधायला घेतलं. बांधायला होतं काय, दोन चोळ्या आणि दोरीवरचं ते मातकट लुगडं. मांडीवर घेऊन ती त्याची घडी घालायला लागली आणि दंडाशी बोट अडखळलं. सासूचा टाका बारीक, मुंगीच्या रांगेसारखा. इथं मात्र वीतभर शिवण उसवलेली होती आणि पुन्हा टाचलेली, सोसायटीच्या जाड पांढऱ्या सुतानं. लांब, वेडेवाकडे टाके. सुई कधी हातात न धरलेल्या माणसाचे.

तिनं दातानं सूत तोडलं आणि दुमड उघडली.

सात वर्षं तिथं ऊन पोचलं नव्हतं. आतली पट्टी डाळिंबाच्या दाण्यासारखी लखलखत होती, आणि तिच्या कडेला दोन बोटं रुंद तुकडा कापलेला होता. गंगम्मानं चिंधी त्या जागी ठेवून बघितली. बरोबर बसली.

सकाळपासून ती जिच्या नावानं बोटं मोडत होती, त्या बाईचं लुगडं तिच्याच मांडीवर पसरलं होतं.