अण्णांचा गृहपाठ

कारखान्याचे मालक धरणेंद्र अण्णा प्लास्टिकचं स्टूल ओढून सयाजीच्या लेथपाशी बसले आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. कुपवाडच्या त्या शेडमध्ये मशिन बंद पडण्यापेक्षा ही मोठी घटना होती. चहाची सुट्टी होती, तरी दोघातिघांच्या हातातले कप ओठांपाशी थांबले.

हा गृहपाठ हॉलंडच्या हेन्रिकसाहेबांनी दिलेला. साहेबांनी तिकडे जन्मभर रंगाचा कारखाना चालवला, निवृत्त झाले, आणि आता ते देशोदेशीच्या कारखानदारांना फुकट मार्गदर्शन करत फिरत होते. हे आपण आपल्या प्रभू येशूची सेवा म्हणून करतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "आज प्रश्न विचारतील, उद्या पिशवीतून त्यांच्या धर्माचं पुस्तक काढतील," असं घरी अण्णांच्या पत्नी चंदनबालाताईंनी बजावलं. अण्णाही तयारीत होते. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंडितांना विचारून त्यांनी धर्मावरची चांगली खणखणीत उत्तरं पाठ करून ठेवली होती. पण आठवडा संपत आला तरी पुस्तक काही बाहेर येईना. साहेब नुसते विचारत, "तुमच्या माणसांचं तुम्ही शेवटचं कधी ऐकून घेतलंत?" यावर पंडितांनी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं.

त्यातच, वडूजहून येऊन अण्णांच्या हाताखाली टर्नर झालेला सयाजी एक तारखेपासून दुसऱ्या कारखान्यात जातो म्हणाला. का, ते सांगेना. सयाजी गेला की पंपाच्या शाफ्टची ऑर्डर गेली, आणि खरं सांगायचं तर अण्णांची झोप आधीच गेली होती. पगार वाढवतो म्हटलं, तर "पगाराचं न्हाई" एवढंच बोलून तो कामाला लागला होता.

"आज प्रश्नही नको," साहेब सकाळी म्हणाले होते. "त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याचं बोलून संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मानसुद्धा हलवायची नाही."

सयाजीने चहाचा शेवटचा घोट घेतला.

"काय झालं, अण्णा?"

अण्णा गप्प.

"माल परत आला का काय?"

अण्णा गप्प. कॉम्प्रेसर चालू असताना ज्याची हाक गेटपर्यंत पोचते तो माणूस असा बसलेला बघून सयाजीने कप खाली ठेवला. मग त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. अण्णा चतुर्दशीला मौन पाळतात, हे सगळ्या शेडला ठाऊक होतं. त्या दिवशी माल जरा जास्तच निघतो, हेही ठाऊक होतं. ते फक्त अण्णांना ठाऊक नव्हतं.

"मौन हाय व्हय आज? चौदस आली जणू."

चतुर्दशी परवाच होऊन गेली होती. पण होय म्हणावं तर ते खोटं, आणि नाही म्हणावं तर बोलणं आलं. अण्णा देवळातल्या मूर्तीसारखे बसून राहिले.

"मग लय बरं झालं," म्हणत सयाजीने जवळच्या खोक्यावर बसकण मारली. "एरवी मी तोंड उघडायच्या आत तुमचं बोलून हुतंय. आज गुमान ऐका. पोरगं मिल्ट्रीत लागलं तवा मी पेढं आणलं हुतं. निस्ता नाचत आलो हुतो तुमच्या केबिनीत. तुमी फोनवर. बोटानं दावलंत, ठेव तिथं. आठवड्यानं बघतोय तर पेढा तिथंच, बिलांच्या कागदावर. मुंग्या लागलेल्या. मीच उचलून टाकला, अण्णा. दुसऱ्या कुणाला टाकू दिला न्हाई. आन आता म्हणताय, पगार वाढवतो."

अण्णांच्या जिभेवर वाक्य तयार होतं : त्या दिवशी माझा उपवास होता. ते अगदी खरं होतं. ओठ उघडणार, तेवढ्यात त्यांना आठवलं, की दुसऱ्या दिवशी उपवास नव्हता. तेही तितकंच खरं होतं. त्यांनी ते वाक्य गिळलं. गिळताना डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसायला साहेबांनी मनाई केली नव्हती, म्हणून रुमाल काढून त्यांनी ते पुसले.

सयाजीने तेवढं पाहिलं आणि मान फिरवून तो लेथवरचा लोखंडाचा कीस ब्रशने झटकत बसला. झटकण्याजोगा कीस तिथे फारसा नव्हता. मग त्याने खिशातून फोन काढला.

"हां, सयाजी बोलतोय. माझं तिकडं यायचं रद्द धरा... न्हाई न्हाई, पगार कुठला वाढतोय... मालक? मालक कायबी बोललं न्हाईत... आवं, म्हणूनच की!"

फोन ठेवून तो कप विसळायला नळाकडे निघून गेला.

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ते उठायला लागले. समोर वेल्डिंगकडचा बिरदेव उभा होता.

"बसा की अण्णा. मौन हाय तवर माझं बी थोडं हाय."

त्याच्या मागे आणखी दोघं येऊन थांबले होते. त्यातल्या एकाने अण्णांच्या हातात चहाचा कप दिला, म्हणजे लांबणार हे नक्की. अण्णा पुन्हा बसले. बसल्यावर त्यांना जाणवलं, की आपल्याला तसं काही वाईट वाटत नाहीये.

दारात हेन्रिकसाहेब उभे होते. मराठी बोलण्यातला एक शब्द त्यांना कळला नव्हता, पण रुमाल दिसला होता. त्यांनी दोन्ही हात एकमेकांत गुंतवले, डोळे मिटले आणि मान खाली घातली.

बिरदेवने वळून त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि आवाज एकदम खाली आणला.

"हळू बोलतो, अण्णा. सायबानं बी चौदस धरलीया."